सुरत-मुंबईच्या वखारीतला इंग्रज पूर्वज शोधायचाय? मग या क्रमानंच जा

ईस्ट इंडिया कंपनीचा एखादा सुरुवातीचा व्यापारी, म्हणजे साधारण १६१३ ते १७५० च्या मधला, सुरतेच्या नाहीतर मुंबईच्या वखारीत असलेला, आपल्या घराण्यात होता असं सांगणारी बरीच घरं आहेत. पुण्या-मुंबईतली, देवळालीची, भुसावळची जुनी अँग्लो-इंडियन कुटुंबं आहेत, आणि आता इंग्लंडात राहणारी मराठी कुटुंबंही, ज्यांची सून किंवा जावई तिकडचा आहे आणि नातवंडांसाठी दोन्ही बाजूंची वंशावळ करायचीय. शोध घ्यायची हौस सगळ्यांना असते, पण बहुतेक जण सुरुवातच उलटीकडून करतात. नेटवर एखादं गाजलेलं नाव सापडतं, आडनाव जुळतं, आणि मग त्या माणसापासून खाली खाली येत आपल्या आजोबांपर्यंत रेघ ओढली जाते. मधल्या सहा-सात पिढ्यांना कसलाच कागद नसतो.

म्हणून हा क्रम लिहितोय. कंटाळवाणा वाटेल पण टप्पे पुढेमागे करू नका, कारण पुढच्या टप्प्यावर कुठला कागद मागायचा हे आधीच्या टप्प्यावरच ठरतं. उदाहरण म्हणून मी ऑक्झेंडन घराणं घेतलंय, कारण शिवाजी महाराजांच्या रायगडच्या राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन आपल्याला माहीत आहे आणि या एका घराण्यात होऊ शकतात त्या बहुतेक सगळ्या चुका लोक करतात.

१. तयारी: शोध सुरू करायच्या आधी चार गोष्टी

पहिली गोष्ट, घरात जे सांगितलं जातं ते जसंच्या तसं लिहून काढा. कोणी सांगितलं, कधी, त्यांना कोणाकडून कळलं तेही लिहा. "पणजीचे खापरपणजोबा सुरतेचे गव्हर्नर होते" असं आत्या म्हणाली तर तसंच लिहायचं, त्यात आपल्याकडून नाव किंवा साल घालायचं नाही. गव्हर्नर हा शब्द घरात पिढ्यानपिढ्या वाढत गेलेला असू शकतो, मूळ माणूस कदाचित साधा राइटर म्हणजे कारकून असेल.

दुसरी गोष्ट, घरातले कागद. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे दाखले, बायबलच्या पहिल्या पानावरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुन्या फोटोंची मागची बाजू, पेन्शनचे कागद. सगळ्याचे फोटो काढा, दोन्ही बाजूंचे.

तिसरी, एक तक्ता. एक्सेल असो की वही, प्रत्येक माणसामागे एवढे रकाने हवेतच: नाव (कागदावर आहे त्याच स्पेलिंगनं), घटना, तारीख, ठिकाण, कुठल्या कागदात सापडलं, तो कागद मूळ आहे की नक्कल की छापील सारांश, आणि शेवटचा रकाना "हा आपलाच माणूस कशावरून". या शेवटच्या रकान्यासाठीच बाकीचा सगळा तक्ता आहे असं समजा.

चौथी, स्पेलिंगची यादी. सतराव्या शतकात आडनावाला एकच स्पेलिंग नव्हतं. ऑक्झेंडन हे ऑक्झिंडनही लिहिलं जायचं, एकाच घरात, कधी एकाच पत्रात. मुंबईचा सुरुवातीचा गव्हर्नर जेराल्ड आँजिये याचं आडनाव तर कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलेलं सापडतं. सर्च करायच्या आधीच आपल्या आडनावाची आठ-दहा रूपं लिहून ठेवा, आणि रोमन अक्षरांतच सर्च करा.

*तपासा:* तक्त्यात घरच्या गोष्टी आणि कागदावरच्या गोष्टी वेगवेगळ्या रंगात आहेत का? नसतील तर इथंच थांबून करून घ्या, नंतर वेगळं करता येत नाही.

२. आपल्यापासून मागे, एकेक पिढी

सगळ्यात जास्त टाळाटाळ याच टप्प्यावर होते. पूर्वज ३५० वर्षांपूर्वीचा आणि आपण आजीचा जन्मदाखला काय शोधत बसायचं, असं वाटतं. पण मधली एक जरी कडी चुकली तर त्याच्या मागचं सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी घराणं असतं, आणि ते कितीही सुंदर असलं तरी आपलं नसतं.

कुटुंब इंग्लंडातलं असेल तर सोपं आहे. तिकडे जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. जनगणनेचे घरोघरचे तपशील १८४१ पासून मिळतात, त्यात १८५१ पासून नातं आणि जन्माचा पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव नीट लिहिलेलं असतं. १९२१ पर्यंतच्या जनगणना बघायला खुल्या आहेत. १८३७ च्या मागे गेलात की चर्चची पॅरिश रजिस्टरं, ती १५३८ पासून सुरू होतात, सगळ्या गावांची टिकलेली नाहीत.

कुटुंब भारतातच राहिलेलं असेल तर मुख्य आधार म्हणजे ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दफ्तरं, त्यातली एन मालिका. मुंबई इलाख्यातल्या चर्चनी लंडनला पाठवलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला एन/३ मध्ये आहेत आणि त्या १७०९ पासून सुरू होतात. मद्रासच्या एन/२ मध्ये, १६९८ पासून. बंगालच्या एन/१ मध्ये, १७१३ पासून. यातलं बरंचसं फाइंडमायपास्ट या पैसे घेणाऱ्या साइटवर स्कॅन होऊन आलंय, काही अनुक्रमणिका फॅमिलीसर्चवर फुकट आहेत, आणि फिबिस या ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या संस्थेचा डेटाबेसही फुकट सर्च करता येतो. फिबिसपासूनच सुरुवात करा असं मी सांगेन, तिथं शोधणारे लोकच डेटा भरतात त्यामुळे छोटी छोटी नावंही सापडतात.

दोन अडचणी इथं हमखास येतात. एक, नकला पाठवायच्या राहून गेल्यात, त्यामुळे एन/३ मध्ये नोंद नाही म्हणजे बाप्तिस्मा झालाच नाही असं नसतं. दोन, आई कॅथलिक असेल, आणि मुंबईत ती बहुतेकदा पोर्तुगीज नावाची स्थानिक कॅथलिकच असायची, तर मुलांची नोंद इंग्लिश चर्चमध्ये नसून कॅथलिक पॅरिशमध्ये असू शकते. अशा वेळी वडिलांच्या आडनावावर अडून न बसता आईच्या बाजूनं शोधावं लागतं.

*सावधान:* फॅमिली ट्रीच्या साइटवर दुसऱ्यानं केलेलं तयार झाड सापडलं तर ते क्लिक करून आपल्या झाडाला जोडू नका. बघा, त्यात कुठल्या कागदाचा उल्लेख आहे ते टिपा, आणि तो कागद स्वतः उघडा. पन्नास झाडांत एकच गोष्ट असणं हा पुरावा नाही, बहुतेक वेळा पन्नासांनी एकाचंच कॉपी केलेलं असतं.

*तपासा:* सलग किती पिढ्यांना मूळ कागद आहे? १७५० च्या आसपास पोचायच्या आत कडी तुटली असेल तर टप्पा ४ ला जाऊ नका. तुटलेल्या कडीवरच्या माणसाची भावंडं, साक्षीदार, गॉडपेरेंट (बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्म-आईबाप) शोधा, रस्ता बहुतेकदा तिथूनच निघतो.

३. जुने कागद उघडायच्या आधी कॅलेंडर आणि अक्षर

इंग्लंडात १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख त्यांच्या कागदात आधीच्या वर्षाची दिसते. आपल्याला जवळचं उदाहरण, शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी. ती जानेवारी १६६४ ची. वखारीच्या इंग्रजी पत्रांत मात्र तिथं जानेवारी १६६३ लिहिलेलं असतं. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो की पत्रं खोटी, किंवा दोन स्वाऱ्या एका वर्षाच्या अंतरानं झाल्या. वंशावळीत हेच झालं की मूल आई-बापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं, किंवा माणूस मेल्यावर मृत्युपत्र करतो.

दुसरा फरक दिवसांचा. इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरायचे, पोर्तुगीज नवं ग्रेगोरियन, आणि सतराव्या शतकात त्यात १० दिवसांचा फरक होता. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची आहे, नव्या पद्धतीनं ती १६ जून येते. इंग्लंडनं १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. तर नियम असा ठेवा: तक्त्यात कागदावरची तारीख जशीच्या तशी, आणि शेजारी १६६३/४ अशी दुहेरी सालाची नोंद. दिवस स्वतःच्या मनानं बदलून लिहू नका, नंतर कोणी परत बदलतं आणि २० दिवसांचा घोळ होतो.

अक्षराचं म्हणाल तर, मोडी न शिकता पेशवे दफ्तरात जाऊन बसण्यात जसा अर्थ नाही तसंच इथंही आहे. त्या काळचं सेक्रेटरी हँड नावाचं वळण आजच्या इंग्रजीपेक्षा खूप वेगळं दिसतं. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर ते वाचायला शिकवणारा फुकट कोर्स आहे, तो आधी करा, खरंच करा. काही खुणा लगेच लक्षात ठेवा: सुरुवातीचे दोन छोटे एफ म्हणजे एक मोठा एफ, यू आणि व्ही एकमेकांच्या जागी येतात, आय आणि जे सुद्धा. मृत्युपत्राच्या तळाशी कोर्टाची मंजुरी १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये असते (१६५० च्या दशकातली काही वर्षं सोडून), पण ती ठरलेल्या साच्यातली असते, तारीख आणि कोणाला ताबा दिला एवढं ओळखता आलं की काम होतं.

४. कंपनीच्या कागदात माणूस पक्का करा

आता वखारीकडे. आधी छापील पुस्तकांतून जा, थेट हस्तलिखितावर उडी मारू नका. विल्यम फॉस्टरनं संपादित केलेले इंग्लिश फॅक्टरीज इन इंडियाचे १३ खंड १६१८ ते १६६९ पर्यंतची पत्रं सारांशानं देतात, पुढे चार्ल्स फॉसेटचे खंड १६८४ पर्यंत जातात. त्याच्या जोडीला लंडनमधल्या संचालकांच्या बैठकांची इतिवृत्तं, एथेल सेन्सबरीनं केलेली, १६३५ ते १६७९. यातले बरेच खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. प्रत्येकाच्या शेवटी सूची आहे. स्पेलिंगची यादी घेऊन सूचीच वाचत बसा.

इथं काय शोधायचं? नुसता नावाचा उल्लेख नको. माणसाची नेमणूक शोधा. कंपनीत घेताना दोन गोष्टी लागायच्या, कोणाची तरी शिफारस आणि जामीन. माल अंगावर सोपवायचा म्हणजे जामीनकी हवीच, आणि जामीन राहायचे ते बाप, काका, मामा, मोठा भाऊ, बहिणीचा नवरा. एका ओळीत नेमणूक, वय, शिफारस करणारा आणि दोन जामीनदार मिळाले तर घराण्याचा अर्धा नकाशा मिळाला समजा. बरेच लोक फक्त आपल्या माणसाचं नाव टिपून पुढे जातात आणि जामीनदारांची नावं तशीच सोडून देतात, वर्षभरानं परत तिथंच यावं लागतं.

मग त्याची बढती मांडा. अप्रेंटिस (उमेदवार), राइटर, फॅक्टर (कंपनीसाठी माल घेणारा-विकणारा), मर्चंट, सीनियर मर्चंट अशी साधारण चढण. एकाच नावाचे दोघे असतील तर हीच चढण त्यांना वेगळं करते, कारण १६७२ मध्ये राइटर असलेला माणूस १६६८ मध्ये कौन्सिलात म्हणजे वखारीच्या कारभारी मंडळात बसलेला असू शकत नाही.

ऑक्झेंडनांचं बघा. क्रिस्टोफर ऑक्झेंडन सुरतेला १६५९ मध्ये वारला. त्याचा भाऊ जॉर्ज १६६२ पासून सुरतेचा प्रेसिडेंट, १६६४ च्या स्वारीत वखार लढवणारा, १६६८ मध्ये मुंबई कंपनीकडे आल्यावर तिचा गव्हर्नर, आणि १६६९ च्या जुलैत सुरतेलाच वारला. हेन्री, १६७४ ला रायगडावर गेलेला, तो यांचा पुतण्या. आणि त्याच वेळी इंग्लंडात हेन्रीचे वडील, त्यांचंही नाव हेन्री, आणि बारहॅम गावचा त्यांचा चुलतभाऊ, भरपूर पत्रं लिहून ठेवलेला, तोही हेन्रीच. एका पिढीच्या अंतरात तीन हेन्री ऑक्झेंडन, त्यातला एकच महाराष्ट्रात आला. नेटवरच्या झाडांत हे तिघं इतके मिसळलेत की मुलं एकाची, बायको दुसऱ्याची आणि रायगड तिसऱ्याचा.

छापील खंडात माणूस पक्का झाला की मगच मूळ दफ्तर: ब्रिटिश लायब्ररीत सुरत वखारीचे कागद जी/३६ मध्ये, मुंबईचे जी/३ मध्ये, लंडनशी झालेला पत्रव्यवहार ई/३ मध्ये, संचालकांची इतिवृत्तं बी मध्ये. तुमचा माणूस १७४९ नंतर राइटर म्हणून लागला असेल तर जे/१ आधी बघा, नोकरीसाठीचे अर्ज तिथं आहेत आणि त्यासोबत बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असू शकतो. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर लायब्ररीचा कॅटलॉग बराच काळ बंद पडला होता, म्हणून लंडनचं तिकीट काढायच्या आधी मेल करून हवा तो खंड मिळेल का ते विचारून घ्या.

*सावधान:* "कंपनीचा व्यापारी" आणि "खासगी व्यापारी" वेगळे. कंपनीच्या परवानगीनं किंवा परवानगीशिवाय स्वतःचा धंदा करणारे, जहाजांचे कप्तान, सैनिक, हे फॅक्टरांच्या यादीत सापडणार नाहीत. यादीत नाव नाही म्हणून सोडून देऊ नका.

५. मृत्युपत्र: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

वखारीतला तरुण इंग्रज बहुतेक वेळा अविवाहित असायचा. सुरतेच्या वखारीत सगळे एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, आणि सुरुवातीच्या काळात कंपनी बायकांना सोबत येऊ द्यायला तयार नसायची. मुंबई हातात आल्यावर इंग्लंडहून काही बायका पाठवल्या गेल्या, पण तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. त्यात हवा-पाण्यानं माणसं पटापट मरायची. म्हणजे तुमच्या घराण्यात आडनाव चालत आलंय ते बहुधा या माणसाकडून नाहीच, त्याच्या भावाकडून आलंय, आणि तो तुमचा थेट पूर्वज नसून चुलत खापरपणजोबा आहे. हे पचवायला जड जातं पण ऐंशी टक्के गाडी इथंच अडते, लोक नसलेला मुलगा शोधत बसतात.

याचा उलगडा मृत्युपत्रात होतो. परदेशात मेलेल्या आणि इंग्लंडात मालमत्ता असलेल्या माणसाचं मृत्युपत्र कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात मंजूर व्हायचं. ही मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्ह्जच्या प्रॉब ११ या मालिकेत आहेत, १८५८ पर्यंतची, आणि साइटवर नावानं शोधता येतात. शोधायची पद्धत:

पहिल्यांदा आडनावानं. मग आडनाव काढून टाका आणि ठिकाणानं शोधा, सुरत, बॉम्बे, ईस्ट इंडीज. सूचीत स्पेलिंग चुकलेलं असेल तरी ठिकाण बहुधा बरोबर असतं. मृत्यूच्या सालावर थांबू नका, बातमी जहाजानं लंडनला जायलाच सहा-आठ महिने किंवा जास्त लागायचे, मग मंजुरी, म्हणून पुढची चार-पाच वर्षं बघा. जो मेला त्याचंच नाही तर त्याच्या बापाचं, भावांचं, अविवाहित बहिणींचं, विधवा आत्याचं मृत्युपत्रही काढा. अविवाहित बहिणीचं मृत्युपत्र म्हणजे सोनं असतं, ती सगळ्या भाचे-पुतण्यांना नावानिशी काहीतरी ठेवते.

मृत्युपत्र वाचताना एकदा सरळ वाचा, दुसऱ्यांदा फक्त माणसं टिपा. समजा त्यात असं आहे: भाऊ अमुकला ५० पौंड, त्याच्या थोरल्या मुलाला घड्याळ, कझिन तमुकला शोकाची अंगठी, सुरतेतल्या मित्राला घोडा, आणि घरात राहणाऱ्या एका बाईला, तिचं फक्त पहिलं नाव, इतके रुपये आणि तिच्या मुलाच्या शिक्षणासाठी इतके. शेवटच्या ओळीवर बहुतेक वाचणारे थांबत नाहीत. तिथंच थांबा. मूल कोणाचं ते उघड लिहिलेलं नसेलही, पण त्या मुलाची जबाबदारी कोणाकडे दिली, रक्कम बाकीच्यांच्या मानानं किती मोठी आहे, मुलाचं नाव त्या घराण्यात चालत आलेलं आहे का, हे सगळं टिपा. भारतात राहिलेल्या शाखा कित्येकदा याच ओळीतून सुरू होतात, आणि त्या बाईचं नाव हे तुमच्या वंशावळीतलं नाव आहे, ते पुसट आहे म्हणून गाळू नका. काही मृत्युपत्रांत घरातल्या गुलामांना मुक्त केल्याच्या ओळी असतात. त्याही जशाच्या तशा उतरवा, त्यांच्या वंशजांना कदाचित तेवढाच एक कागद मिळणार असतो.

नात्याचे शब्द आजच्या अर्थानं घेऊ नका. कझिन म्हणजे पुतण्या-भाचाही असू शकतो. सन-इन-लॉ हा सावत्र मुलगा असू शकतो, ब्रदर हा मेव्हणा. आणि सीनियर-ज्युनिअर म्हणजे बाप-लेकच असं नाही, एकाच ठिकाणचे एकाच नावाचे थोरला-धाकटा एवढंच कधीकधी असतं.

मुंबईत १७२६ च्या सनदेनं मेयर्स कोर्ट आलं, त्यानंतरची काही मृत्युपत्रं आणि वारसाचे वाद मुंबईच्याच कागदात सापडतात. माणूस १७३० नंतर मुंबईत वारला असेल तर दोन्हीकडे बघायचं.

*तपासा:* मृत्युपत्रातल्या प्रत्येक माणसाची तक्त्यात वेगळी ओळ झाली का, एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) आणि साक्षीदारांसकट?

६. इंग्लंडातलं गाव

जामीनदार आणि मृत्युपत्र मिळून गाव सांगतातच. मग त्या पॅरिशची रजिस्टरं आणि काउंटीचं अभिलेखागार. जॉर्ज ऑक्झेंडनचा बाप्तिस्मा केंटमधल्या विंगहॅम पॅरिशमध्ये १६२० च्या एप्रिलचा आहे, वडील सर जेम्स ऑक्झेंडन, डीन या घराचे. रजिस्टरचं पान फाटलं असेल तर बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला बघा. १६४२ ते १६६० यादवी आणि क्रॉमवेलचा काळ, रजिस्टरांत मोठी भोकं आहेत, आणि सुरतेच्या कितीतरी लोकांचे जन्म नेमके तेव्हाचे. तिथं परत मृत्युपत्रांवरच भिस्त.

*सावधान:* कोट ऑफ आर्म्स, म्हणजे घराण्याचं चिन्ह असलेली ढाल. आडनाव जुळलं म्हणून ढाल विकणाऱ्या साइट आहेत, तिचा वंशाशी काही संबंध नसतो. सतराव्या शतकात हेराल्ड म्हणजे अशा चिन्हांची नोंद ठेवणारे सरकारी अधिकारी गावोगाव फिरून वंशावळी नोंदवायचे, केंटच्या १६१९ आणि १६६३ च्या फेऱ्यांच्या नोंदी छापलेल्या आहेत आणि उपयोगी आहेत, पण त्यात घरच्यांनी जे सांगितलं ते लिहिलंय. आजोबांपर्यंत विश्वास ठेवा, त्याच्या वर प्रत्येक नाव दुसऱ्या कागदाशी ताडून बघा.

७. सुरत आणि मुंबईत काय बघायचं

थडगी बघायला लोक सगळ्यात आधी जातात, खरं तर इतक्या उशिरा जायचं. नाव, साल, नातं माहीत असेल तरच थडगं काही सांगतं. सुरतेच्या इंग्रजी दफनभूमीत ऑक्झेंडन भावांची भलीमोठी घुमटांची वास्तू आहे, धाकट्याच्या थडग्यावरच मोठ्याचं बांधलेलं. क्रिस्टोफरचा लॅटिन लेख वखारीतल्या हिशेबाच्या भाषेत लिहिलाय, नफा-तोटा, खात्याची दुसरी बाजू, मृत्यूनं अचानक मागितलेला हिशेब. वाचून माणूस डोळ्यापुढे उभा राहतो, पण वंशावळीला लागतं ते त्यातलं नाव आणि साल एवढंच. तिथल्या अनेक थडग्यांवर लेखच उरलेला नाही, त्यामुळे "हे अमक्याचं" असं तिथं कोणी सांगितलं तर तो पुरावा धरू नका.

मुंबईत सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ ला उघडलं, आतले स्मृतिलेख बहुतेक नंतरचे. त्याआधीची माणसं मेंडहॅम्स पॉइंटला पुरली जायची आणि ते दफनस्थान आज उरलेलं नाही. दगड शोधत फिरू नका, दफनाची नोंद शोधा. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींवर काम करणाऱ्या बॅक्सा या संस्थेनं गोळा केलेले लेख आणि फोटो ब्रिटिश लायब्ररीत आहेत, लेख आता झिजला असेल तर जुनी नक्कल तिथं असू शकते.

खरं काम काळा घोड्याला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य अभिलेखागार आहे, तिथं सुरत आणि मुंबई वखारीच्या डायऱ्या आहेत. इंग्लंडातले लोक तिथपर्यंत पोचत नाहीत, आपण पोचू शकतो. पण नाव सांगून कागद मागितला तर काही मिळणार नाही, कारण डायऱ्या तारखेनं लावलेल्या असतात. टप्पा ४ मधून वर्ष आणि महिना ठरवून जा. मृत्यूची तारीख माहीत असेल तर त्यानंतरचे दोन महिने वाचा: सामानाची यादी, लिलाव, देणी-घेणी, कोणी काय विकत घेतलं. जायच्या आधी फोनवर परवानगी, ओळखपत्र आणि वाचनकक्षाच्या वेळा विचारून घ्या, आणि जुने खंड नाजूक असल्यामुळे दिले नाहीत तर मायक्रोफिल्म किंवा स्कॅन आहे का ते विचारा.

८. जोड पक्की आहे का

आता खालून आलेली रेघ आणि वरून सापडलेला माणूस यांची गाठ मारायची. तीन प्रश्न, प्रत्येक पिढीला. या वेळी या ठिकाणी याच नावाचा दुसरा माणूस होता का, आणि असेल तर तो आपला नाही हे कशावरून? बाप-लेकाचं नातं सांगणारा निदान एक मूळ कागद आहे का, की नुसती नावं आणि सालं जुळतायत? विरोधात जाणारा एखादा कागद आहे का, आणि त्याचं उत्तर दिलंय का? तिसऱ्या प्रश्नाला लोक घाबरतात. मुलगा म्हणून लावलेल्या माणसाची बालपणीच दफन झाल्याची नोंद सापडली तर ती लपवू नका, तुमच्या मागून शोधणाऱ्याला ती सापडणारच आहे.

डीएनए टेस्टचं बरेच जण विचारतात. १६७० चा माणूस म्हणजे दहा-बारा पिढ्या मागे. दहा पिढ्या मागे आपले १०२४ पूर्वज होतात (काही परत परत येणारे), आणि नेहमीच्या टेस्टमध्ये त्यातल्या एकाचा धागा ओळखता येईलच असं नाही, कित्येकांचा तर काहीच अंश आपल्यात उरलेला नसतो. फक्त मुलग्यांकडून मुलग्यांकडे सलग चालत आलेली शाखा असेल तर वाय-डीएनए उपयोगी, आणि तेही तिकडच्या शाखेतला कोणी पुरुष टेस्ट द्यायला तयार असेल तरच. तो जुळला तरी घराणं एक एवढंच ठरतं. जॉर्जचा की त्याच्या भावाचा, हे कागदच सांगणार.

झाडात नाव चढवताना तीन शेरे वापरा: सिद्ध, संभाव्य, नुसता अंदाज. संभाव्यच्या वर कुठलंही नाव सिद्ध म्हणून चढवू नका, म्हणजे पाचवी पिढी संभाव्य असेल तर सहावी कितीही पक्की असली तरी तुमच्यासाठी संभाव्यच. आणि कागदांचे स्कॅन, तक्ता आणि झाड यांची एक प्रत घराबाहेर कोणाकडे तरी ठेवा, शक्यतो चुलत शाखेतल्या तरुणाकडे, ज्याला पुढच्या पिढ्या त्यात भरायच्या आहेत.